आक्कांचा हात

"पण आक्का, सगळे छान म्हणतात... मग पुन्हा कुणी येत का नाही?"

विचारणारा सुश्रुत. पुण्यातली नोकरी सोडून घरबसल्या जाहिराती लिहून देणारा. शब्दांचा गडी, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

ऐकणारी यमूआक्का. कराडच्या पेठेत पन्नास वर्षं बायकांना बांगड्या भरणारी कासारीण.

खरं तर त्याच्या आईनं त्याला पाठवलं होतं. "आक्कांपुढं आमच्या तीन पिढ्यांनी हात केलाय. त्यांना विचार, माणसं परत कशी येतात." तो हसला होता. पण आला. दोन वर्षांत चाळीस गिऱ्हाइकं झाली होती, दुसऱ्यांदा आलेलं एकही नव्हतं. उद्या सकाळी जुन्या साहेबांना कळवायचं होतं, नोकरीवर परत येतो की नाही. आणि त्याला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

"काय लिवतोस, वाच की," आक्का म्हणाल्या.

कानाची मशिनं विकणाऱ्या एका दुकानासाठी लिहिलेलं ताजं काम त्यानं वाचलं. खड्या आवाजात.

"सूर नवे, दुनिया न्यारी... आवाज पुन्हा तुमच्या दारी!"

"छान हाय."

सुश्रुतचा चेहरा पडला. दुकानदारही अगदी हेच म्हणाला होता. वर, "कळवतो."

आक्कांनी आपला उजवा हात पुढे केला.

"भर."

"मी?"

"मग काय मी? भर एक."

त्यानं भिंतीवरच्या बांगड्यांवर नजर फिरवली. निवडायला वेळ लावला. शेवटी सोनेरी नक्षीची, सगळ्यांत देखणी हिरवी बांगडी काढली. दुकानातली खरोखरच सर्वांत सुंदर बांगडी होती ती. त्याची नजर चांगली होती, हे कबूल करायला हवं.

बांगडी अंगठ्यापाशी अडली. त्यानं जोर लावला.

कट्...

"फुटली!" तो ओरडला.

"फुटली म्हणू नगंस, वाढली म्हणावं." आक्कांनी तुकडे एका वाटीत गोळा केले. "आणि भरताना वाढली, तर नुकसान कासाराचं. गिऱ्हाइकाचं नव्हं."

"पण हात तुमचा..."

आक्कांनी फक्त बघितलं. त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. चाळीस गिऱ्हाइकांबद्दल आजवर त्यानं हेच सांगितलं होतं. त्यांना कळत नाही. त्यांना चव नाही.

"आता डोळं मिट. आन पुन्यांदा भर."

"डोळे मिटून? दिसणार कसं?"

"उघडं हुतं तवा काय दिसलं?"

त्यानं डोळे मिटले. चाचपडत आक्कांचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच घेतला. मघाशी त्यानं फक्त बांगडी धरली होती.

खरखरीत तळवा. बोटांची पेरं सुजलेली. आणि अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलेलं, वाकडं.

तो थांबला.

"आक्का... इथं मोडलं होतं?"

"लई वरसं झाली."

"दुखतं अजून?"

"थंडीत दुखतं." आक्कांनी त्याचं बोट हाडावरून बाजूला केलं. "इथं दाबू नगंस. खालनं घे."

त्यानं डोळे उघडले. भिंतीवरच्या बांगड्यांकडे पाहिलंही नाही. खालच्या पेटीतून मोठ्या मापाची एक साधी, बिननक्षीची बांगडी शोधली. आक्कांचा अंगठा हलकेच तळव्यात दुमडला आणि बांगडी खालच्या बाजूनं वर घेतली.

बांगडी मनगटावर जाऊन बसली.

आक्कांनी ती एकदा फिरवून पाहिली. छान म्हणाल्या नाहीत. वाकल्या आणि त्यांनी सुश्रुतला नमस्कार केला.

तो दचकून मागे सरकला. "आक्का, हे काय!"

"भरून झालं की कासाराला नमस्कार करायची रीत हाय. आजवर मी घेतच आले... आज करू दे."

सुश्रुतचे डोळे भरून आले होते आणि त्याला ते लपवावंसंही वाटलं नाही.

तो म्हणाला, "आक्का, ज्यांना ऐकू येत नाही... त्यांच्यातल्या एकाशीही मी अजून बोललेलो नाही."

आक्का पेटी आवरत होत्या.

त्यानं फोन काढला. दुकानदाराला म्हणाला, "साहेब, ती जाहिरात बाजूला ठेवा. उद्या सकाळी मी तुमच्या दुकानात येऊन नुसता बसलो तर चालेल? येणाऱ्या माणसांशी बोलेन म्हणतो."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. सुश्रुतचा चेहरा उजळला.

"या म्हणाले! आजवर कुणी असं विचारलं नव्हतं म्हणाले..." तो उठला. चप्पल घालता घालता दारातच अडखळला.

"पण आक्का... जुन्या साहेबांनाही उद्या सकाळीच कळवायचंय. त्यांना काय सांगू?"

आक्कांनी मनगटावरची बांगडी पुन्हा एकदा फिरवली.

"मला काय इचारतोस, बाबा... उद्या सकाळी तुजं गिऱ्हाईक खोळंबंल की."