लिफ्टखालचा पिवळा मोजा

त्या दिवशी बुधवार होता.

आई भेंडी चिरत होती. कच् कच् कच्.
नमू टेबलाखाली बसून वाटी बडवत होती. टण् टण् टण्.

घराला लागून एक छोटं गॅरेज होतं. गॅरेजमध्ये बाबांची मोटारसायकल होती. काळी. मोठी. जड. खूप खूप जड.

गाडी एका लोखंडी लिफ्टवर उभी होती. पायानं पंप दाबला, की लिफ्ट वर जायची. कुईं फुस्स, कुईं फुस्स.

सकाळीच गाडी वर घेतली होती. आईनं हँडल धरलं. बाबांनी चाकाला ठोकळा लावला, पट्ट्यानं गाडी बांधली आणि पंप दाबला. मग लिफ्ट खाली येऊ नये म्हणून खीळ लावली. खटाक!

बाबा नेहमी म्हणायचे, "एकट्यानं उचलायची नाही. एकानं धरायचं, एकानं दाबायचं. आणि खीळ लागल्याशिवाय खाली हात नाही!"

फळीवर एक खोकं होतं. खोक्यात नवा हॉर्न होता.

"आत्ता बसवा ना," नमू सकाळी बाबांना म्हणाली होती.

"संध्याकाळी बसवतो. मग तू वाजवायचा. कसा वाजवशील?"

"पोंऽऽ!"

"शाब्बास!" बाबा हसले आणि कामाला गेले. जॅकेट खुंटीवरच राहिलं. बाहेर ऊन होतं.

लिफ्ट वर गेली, की खाली छान अंधार व्हायचा. त्या अंधारात चिचू यायची. चिचू म्हणजे चिचुंद्री. लांब नाक, बारीक डोळे. तिच्याबरोबर तिचं पिल्लू असायचं. पिल्लाखाली एक पिवळा मोजा असायचा. नमूचा जुना. बाबांनीच दिला होता.
"घे गं चिचू. पोराला अंथरूण."

दुपारी फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग. आईनं घेतला.

भेंडी तशीच राहिली.

बाबा वारले होते. वारले, म्हणजे आता बाबा येणार नाहीत. संध्याकाळी नाही. उद्यापण नाही.

घरात माणसं आली. दारात चपलाच चपला. समोरचे दस्तगीरचाचा धावत आले. ते बाबांचे दोस्त. त्यांनी वर चढवलेली गाडी पाहिली.

"एवढी माणसं, एवढी पोरं! गाडी खाली घेतलेली बरी."

त्यांनी खीळ काढली. फुस्सऽऽ. लिफ्ट खाली येऊ लागली.

चिचूनं पिल्लू तोंडात धरलं. उडी मारली. टुणकन!
मोजा मागेच राहिला. त्याच्यावर लिफ्ट बसली. धप्प!

चाचांनी खाली बघितलंच नाही. ते घाईत होते. त्यांनी गाडी स्टँडवर कलती लावली. पट्टा सोडला, ठोकळा काढला, शटर ओढलं. खडखडखड. कुलूप लावून किल्ली घरात, बाबांच्या जॅकेटच्या खिशात ठेवली. ती नेहमी तिथेच असायची.

मग शटर कुणी उघडलंच नाही.

थंडी पडली. पिल्लू कुडकुडायला लागलं. चीं चीं चीं.

चिचूनं मोजा ओढला. निघेना. दातांनी ओढला. निघेना.

मग ती लिफ्टशी बोलली.

"लिफ्टबाई, लिफ्टबाई, वर जा ना.
मोजा अडकला, पिल्लू कुडकुडलं. वर जा ना."

"अगं बाई! चिमटीएवढी तू, आणि मला उठवतेस?" लिफ्ट म्हणाली. "जाईन मी वर. पण माझ्यावर गाडी आहे. ती डुलते. पट्ट्यानं गाडी बांधली, तर मी वर जाईन. नाहीतर नाही!"

चिचू पट्ट्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. पट्टा खिळ्याला लोंबत होता.

"पट्टोबा, पट्टोबा, गाडी बांध ना.
लिफ्ट वर जात नाही,
मोजा अडकला, पिल्लू कुडकुडलं. गाडी बांध ना."

"बांधेन की!" पट्टा म्हणाला. "लोंबून लोंबून कंटाळलोय मी. पण चाक गडगडलं, तर माझं काय होईल? ठोकळ्यानं चाक अडवलं, तर मी गाडी बांधेन. नाहीतर नाही!"

चिचू ठोकळ्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. ठोकळा कोपऱ्यात बसला होता.

"ठोकळोबा, ठोकळोबा, चाक अडव ना.
पट्टा गाडी बांधत नाही,
लिफ्ट वर जात नाही,
मोजा अडकला, पिल्लू कुडकुडलं. चाक अडव ना."

"मला सगळे मठ्ठ म्हणतात. म्हणू देत!" ठोकळा म्हणाला. "पण गाडी बघ कशी कलती उभी आहे. चाचांनी हँडल धरलं, तर मी चाक अडवेन. नाहीतर नाही!"

"चाचांनीच का?"

"त्यांचे हात बघितलेस? ताटाएवढे आहेत!"

चिचू शटरच्या फटीतून बाहेर पडली. रस्ता ओलांडला. तुरुतुरु, तुरुतुरु. चाचा आपल्या पायरीवर बसले होते. हातातला चहा गार झाला होता. ते बंद शटरकडे बघत होते.

"चाचा, चाचा, हँडल धरा ना.
ठोकळा चाक अडवत नाही,
पट्टा गाडी बांधत नाही,
लिफ्ट वर जात नाही,
मोजा अडकला, पिल्लू कुडकुडलं. हँडल धरा ना."

"मोजा? कुठला मोजा?"

"पिवळा. तुम्ही लिफ्ट खाली घेतली ना, तेव्हा."

चाचांनी कप खाली ठेवला.

"मी खाली बघितलं नाही गं," ते म्हणाले. "बघायला हवं होतं."

मग म्हणाले, "आत्ता धरतो हँडल. पण शटर बंद आहे. वहिनींना उघडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शटर उघडलं, तर मी हँडल धरेन."

"नाहीतर नाही?" चिचूनं विचारलं.

"नाहीतर कसा धरू, बेटा?"

चिचू शटरकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"नाक दाबा रे, नाक दाबा! चिचुंद्री आली!" शटर करकरलं.

चिचूला राग आला. पण ती तशीच उभी राहिली.

"शटरराव, शटरराव, उघडा ना.
चाचा हँडल धरत नाहीत,
ठोकळा चाक अडवत नाही,
पट्टा गाडी बांधत नाही,
लिफ्ट वर जात नाही,
मोजा अडकला, पिल्लू कुडकुडलं. उघडा ना."

"कर्र कर्र! बसून बसून पाठ आखडली माझी," शटर म्हणालं. "मलाही उघडायचंय. पण कुलूप आहे ना! किल्ली आली, तर मी उघडेन. नाहीतर नाही!"

चिचू घरात गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. खुंटीवर जॅकेट होतं. जॅकेटला खिसा होता. खिशात किल्ली होती.

"किल्लीताई, किल्लीताई, बाहेर ये ना.
शटर उघडत नाही,
चाचा हँडल धरत नाहीत,
ठोकळा चाक अडवत नाही,
पट्टा गाडी बांधत नाही,
लिफ्ट वर जात नाही,
मोजा अडकला, पिल्लू कुडकुडलं. बाहेर ये ना."

"किण् किण्," खिशातून आवाज आला. "येईन गं. पण मी आत खोल आहे. आईनं खिशात हात घातला, तर मी बाहेर येईन. नाहीतर नाही!"

चिचू स्वयंपाकघरात गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. आई ओट्यापाशी उभी होती. काहीच चिरत नव्हती.

"आई, आई, खिशात हात घाल ना.
किल्ली बाहेर येत नाही,
शटर उघडत नाही,
चाचा हँडल धरत नाहीत,
ठोकळा चाक अडवत नाही,
पट्टा गाडी बांधत नाही,
लिफ्ट वर जात नाही,
मोजा अडकला, पिल्लू कुडकुडलं. खिशात हात घाल ना."

आईनं खुंटीकडे बघितलं.

"आज नको गं," ती म्हणाली.

"मग उद्या?"

"काल खिशापर्यंत हात नेला होता. पण नाही घालता आला."

लिफ्ट 'तर' म्हणाली होती. पट्टा 'तर' म्हणाला होता. आई 'तर' म्हणाली नाही. आता कुणाकडे जायचं?

चिचू तिथेच बसली. चुं.

टेबलाखालून नमू बाहेर आली.

"पिल्लाला थंडी वाजते?"

"हो."

"खूप?"

"खूप."

नमू खुंटीकडे गेली. टाचा उचलल्या. हात वर केला. खिसा उंच होता.

"आई, मला उचल."

"नमू, नको."

"एकट्यानं करायचं नाही. एकानं धरायचं. तू मला धर, मी हात घालते."

 आई खाली वाकली. तिनं नमूला उचललं. घट्ट धरलं.

नमूनं खिशात हात घातला. आत. अजून आत.

"काय आहे गं?" आईनं विचारलं.

"बडीशेप!"

"खिशात सांडून ठेवायचे नुसते," आई म्हणाली. ती थोडीशी हसली. तिचा गाल ओला होता.

"आणि किल्ली!"

किण्! किल्ली बाहेर आली.
किल्ली आली, शटर उघडलं. खडखडखड!
शटर उघडलं, चाचा धावत आले. चपला विसरले. त्यांनी हँडल धरलं. गाडी सरळ झाली.
चाचांनी हँडल धरलं, ठोकळ्यानं चाक अडवलं. ठप्प!
ठोकळ्यानं चाक अडवलं, पट्ट्यानं गाडी बांधली. इकडून बांधली. तिकडून बांधली. करकचून!

"मी धरलंय, वहिनी," चाचा म्हणाले. "पंप कोण दाबणार?"

पंप जमिनीवर होता. बाबांच्या बुटानं तो घासून चकचकीत झाला होता. आईनं त्याच्याकडे बघितलं.

"मी दाबते, भाऊजी. तुम्ही सोडू नका हं. नमू, तू दारातच थांब. पुढे यायचं नाही."

आईनं पंपावर पाय ठेवला. कुईं फुस्स. जड होतं. कुईं फुस्स.

लिफ्ट वर गेली. थोडी. अजून थोडी. मोजा दिसला!

चिचू पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"थांब!" चाचा ओरडले.
"थांब!" आई ओरडली.
"खीळ लागल्याशिवाय खाली हात नाही!" नमू दारातून ओरडली.

"मला हात कुठे आहेत? मला पाय आहेत," चिचू म्हणाली.

"पायपण नाही!"

चिचू थांबली. एक पाय वर धरून थांबली.

आईनं खीळ लावली. खटाक!

"आता जा," आई म्हणाली.

चिचू गेली. मोजा ओढला. निघाला! पापडासारखा चपटा झाला होता. चाचांनी तो दोन बोटांत धरून झटकला. फट् फट्. धूळ उडाली. चाचा शिंकले. आऽऽ छी! मोजा फुगला.

नमूनं दारातल्या जुन्या टायरमध्ये तो अंथरला. चिचूनं पिल्लू आणलं. पिल्लू मोज्यात शिरलं. आधी नाक, मग पोट, मग शेपूट.

चीं चीं थांबलं.

"खाली बघायचं माझ्याकडून राहून गेलं होतं," चाचा चिचूला म्हणाले.

"मिळाला ना आता," चिचू म्हणाली.

चाचांनी फळीकडे बघितलं. खोक्यावर धूळ बसली होती.

"वहिनी, गाडी वर आहेच. हॉर्न बसवू?"

आईनं खोक्याकडे बघितलं. नमूनं पण बघितलं.

"आज नको, भाऊजी."

"बरं."

चाचा जमिनीवर आडवे झाले. गाल फरशीला टेकवला. या बाजूनं बघितलं. त्या बाजूनं बघितलं.

"खाली कुणी आहे का?"

कुणी नव्हतं.

मगच त्यांनी खीळ काढली. आईनं हँडल धरलं. फुस्सऽऽ. लिफ्ट हळूच खाली बसली.

शटर अर्धंच ओढलं. चिचूला यायला-जायला. नमू टायरपाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "पोंऽऽ." पिल्लू जागं झालं नाही.

किल्ली परत खिशात गेली. बडीशेप तिथेच होती.

हॉर्न बसवायचा राहिला.