वारशाने आलेले तिघे

एकदा एका सखल देशात, जिथे जमीन समुद्राच्याही खाली वसलेली आहे, एक वृद्ध पिचर राहत होते. पिचर म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा. गावातले लहानथोर त्यांना 'ओम' म्हणत. तिथल्या डच भाषेत ओम म्हणजे काका. आपल्या ओंकाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी या माणसाची गोष्ट सांगताना तो शब्द माझ्या तोंडी नकळत जरा लांबतो.

ओम उमेदीच्या काळात रिलीफ पिचर होते. हे काम काय असते, ते आपल्याकडच्या वाचकाला थोडे समजावून सांगावे लागेल. क्रिकेटमध्ये षटक संपले की चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो. बेसबॉलमध्ये एकच पिचर दमेपर्यंत फेकत राहतो. फलंदाज चेंडू मारून एकेका बेसवर, म्हणजे मैदानातल्या तीन थांब्यांपैकी एकावर, पोचतो आणि सगळे बेस ओलांडून जिथून निघाला तिथे परतला, की धाव होते. त्या परतण्याला तिथे 'घरी येणे' म्हणतात. पिचर दमला, बेसवर प्रतिपक्षाचे धावक येऊन उभे राहिले आणि संघाच्या नाकी नऊ आले, की मग रिलीफ पिचरला हाक मारतात. आधीच्याचा पसारा आवरायचा तो याने. बेसवर उभ्या असलेल्या त्या धावकांना खेळाच्या भाषेत 'वारशाने आलेले' असे म्हणतात. नियम असा, की ते घरी पोचले तर त्या धावा या वारसाच्या नावावर लागत नाहीत. ज्याने त्यांना बेसवर येऊ दिले, त्या आधीच्या पिचरच्या नावावर लागतात.

ओमनी ऐन तारुण्यात काही उन्हाळे अमेरिकेत काढले आणि मग मायदेशी परतून राष्ट्रीय संघासाठी व गावच्या क्लबसाठी केस पांढरे होईपर्यंत हेच काम केले. सामना वाचवला, तरी विजय बहुधा दुसऱ्याच्या नावे लागायचा. एखादा माणूस अवघे आयुष्य असे हसतमुखाने कसे काढू शकतो, याचे मला आजही नवल वाटते. आपण तर ऑफिसात दुसऱ्याची एक फाइल टेबलावर आली तरी दिवसभर धुसफुसतो.

खेळणे थांबल्यावर ओम सकाळी बेकरीत पाव भाजत आणि दुपारी क्लबमध्ये शिकवत. ताइस हा त्यांचा आवडता शिष्य. तोही रिलीफ पिचरच, आणि वेगात ओमच्याही वरताण. त्या मोसमात त्याच्या नावावर एकही धाव लागली नव्हती, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे.

मोसमाच्या अखेरीस एक महत्त्वाचा सामना आला. राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते प्रेक्षकांत बसले होते. क्लबचा मुख्य पिचर रूलॉफ वयाने थोराड झाला होता. देशाकडून खेळण्याची त्याची ही शेवटची संधी होती आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होते. रूलॉफने जीव ओतून चेंडू फेकले. संघ दोन धावांनी पुढे होता. पण उत्तरार्धात त्याचा हात जड झाला आणि तिन्ही बेस भरले. प्रशिक्षकाने ताइसला बोलावले. रूलॉफने त्याच्या हाती चेंडू दिला आणि तो बाकावर जाऊन बसला.

ताइसचा पहिलाच चेंडू आतल्या बाजूला, फलंदाजाच्या अंगालगत आला आणि त्याने तो लांब टोलवला. वारशाने आलेले तिघेही घरी पोचले. त्यानंतर ताइसने पुढच्या साऱ्यांना झटपट बाद केले, पण सामना एका धावेने गेला. नियमाप्रमाणे तिन्ही धावा आणि तो पराभवही रूलॉफच्या नावावर लागला. ताइसची पाटी कोरीच राहिली. दुसऱ्या दिवशी संघ जाहीर झाला, त्यात ताइस होता, रूलॉफ नव्हता.

ताइस आनंदाने बेकरीत धावत आला. "ओम, माझी निवड झाली! अख्ख्या मोसमात माझ्या नावावर एक धाव नाही!"

ओमनी त्याची पाठ थोपटली, ॲप्रन उतरवला आणि ते म्हणाले, "चल, सायकल काढ. एका ठिकाणी जाऊन येऊ."

ताइसला वाटले, पेढे वाटायला निघालो. म्हणजे त्यांच्याकडे पेढ्यांच्या जागी जे काही असेल ते. पण ओम थांबले ते रूलॉफच्या दाराशी. ताइस सायकली धरून कुंपणाबाहेरच रेंगाळला. रूलॉफने दार उघडताच ओमनी डोक्यावरची टोपी काढली आणि मान लववली.

"रूलॉफ, काल तुझे ते तिघे आम्हाला अडवता आले नाहीत. माफ कर."

रूलॉफने दार पुरते उघडले. तो म्हणाला, "ओम, मी लहान होतो तेव्हाही तुम्ही असेच आमच्या दारात आला होतात. बाबाही पिचर होते, त्यांचे धावक तुमच्या हातून घरी गेले होते. तुम्ही गेल्यावर बाबा म्हणाले, हा माणूस या गावातल्या प्रत्येक पिचरच्या दारात असा उभा राहिलाय."

कुंपणाबाहेर ताइसने हे ऐकले. त्याला ओमचा अभिमान वाटला, रागही आला आणि कान तापले. मला विचाराल, तर ज्या दोषाचे माप कुणीच पदरात घातले नाही, तो दोष आयुष्यभर दारोदार जाऊन मागून घेणारा हा माणूस मला एखाद्या तपस्व्याहून उणा वाटत नाही.

परतीच्या वाटेवर ताइसला राहवले नाही. "ओम, तुम्ही का माफी मागितलीत? तुम्ही तर मैदानातही नव्हतात. आणि नियमानं त्या धावा माझ्या नाहीतच."

ओमनी सायकल थांबवली. "नियमानं नाहीत, खरं आहे. पण ते तिघे घरी गेले तेव्हा चेंडू कुणाच्या हातात होता? बाळा, वारशात घर मिळतं, जमीन मिळते, तेव्हा घ्यायला दहाजण धावतात. आपल्या वाट्याला दुसऱ्याची अडचण येते. तिला वारस मिळत नाही. त्या धावा आपल्याच नावावर लागल्या असत्या, तर अशा वेळी चेंडू हातात घ्यायला कोण पुढे आलं असतं? म्हणून नियम करणाऱ्या शहाण्या लोकांनी आपल्याला मोकळं ठेवलं, आपल्याला धीर यावा म्हणून. त्या मोकळीकीवर आपण मिरवायला लागलो, तर कसं व्हायचं?"

"पण तुमचा काय दोष?"

"तुला मी शिकवलं. फेकायला शिकवलं, एवढं मात्र सांगायचं राहिलं. मग ते तिघे तुझ्याकडून माझ्याकडे आले की नाही?"

एवढे बोलून ओम पुढे निघून गेले. ताइस तिथेच उभा राहिला. मग त्याने सायकल वळवली आणि पुन्हा रूलॉफचे दार वाजवले.

"रूलॉफ," तो कसाबसा म्हणाला, "त्या तीन धावा माझ्या होत्या. तुझी जागा माझ्यामुळे गेली. मला माफ कर."

रूलॉफने त्याच्याकडे नीट पाहिले. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तो फलंदाज आतल्या बाजूचा चेंडू सोडत नाही, ताइस. दुपारभर मी त्याला बाहेरच फेकत होतो. चेंडू तुझ्या हातात देताना तेच सांगणार होतो. पण तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस."

त्या तीन धावा आपल्याच होत्या, हे ताइस मघाशी मोठेपणाने म्हणाला होता. आता ते अक्षरशः खरे निघाले होते. त्याने हळूच टोपी काढली आणि तो रूलॉफच्या उंबऱ्यापाशी मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्याचे अर्धे राहिलेले काम आपल्याही हाती कधी ना कधी येते. ते घेताना देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे.