केरबाची पेटी आणि हरणाक्काचा सूर

देवीची जत्रा भरणाऱ्या एका गावात केरबा नावाचा साउंडवाला होता. माणूस कामसू, पण एकदा त्याची भर मांडवात फजिती झाली. ऐन पूजेच्या वेळी त्याच्या माईकने अशी शिट्टी मारली की पुजाऱ्याच्या हातातलं ताम्हन खाली पडलं आणि सारे लोक हसले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. केरबा तर पाणीसुद्धा फुंकू लागला. माईकजवळ कोणी खोकलं तरी तो दचकायचा. वायर उंदराने कुरतडली असेल, नाहीतर शेजारगावच्या साउंडवाल्याने काही केलं असेल, हेच त्याच्या डोक्यात चालू असायचं.

मग त्याने शहरातून एक पेटी आणली. स्पीकरमधून गेलेला आवाज फिरून माईकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून निघतो, आणि असा फिरत फिरत वाढला की त्याची शिट्टी होते. ही पेटी बाहेर काय गेलं ते ध्यानात ठेवायची आणि तेच परत आलं की तेवढं वजा करायची. मांडवात माणसं भरली, कनात हलली, की आवाजाची वाट बदलते. ती नवी वाटही पेटी आपली आपण शिकून घ्यायची.

विकणाऱ्याने मात्र बजावलं होतं, "हे बटण बेताने फिरवा. पेटीला फार उतावीळ केलंत, तर लांबवलेला खरा सूरही तिला शिट्टीच वाटेल."

याच्या बोलण्यात काहीतरी काळंबेरं आहे, असं केरबाला वाटलं. घरी येऊन त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

जत्रेचं पहिलं पद म्हणण्याचा मान हरणाक्काचा होता. पदाच्या शेवटी ती 'आई' म्हणून सूर लांबवायची आणि तो सूर चालू असतानाच भोयांनी पालखी खांद्यावर घ्यायची, अशी गावाची रीत. सूर मध्येच तुटणं म्हणजे अपशकुन. त्या वर्षी हरणाक्काने सूर लावला आणि पालखी उचलायच्या आतच तो स्पीकरमध्ये तुटला. भोई तसेच अवघडून उभे राहिले. भोवती ढोल वाजत होते. हरणाक्काला स्वतःचा गळा कुठला ऐकू येणार? तिलाही ऐकू आला तो स्पीकरच. तिने पुन्हा सूर लावला, तो पुन्हा तुटला.

पंचांनी केरबाला विचारलं, "पेटीत काय बिघाड हाय का रं?"

केरबाला विकणाऱ्याचं बोलणं आठवलं. पण बटण मागे घेतलं आणि शिट्टी वाजली, तर?

"पेटी नवी करकरीत हाय," तो म्हणाला. "आक्काचाच दम सरलाय."

हरणाक्का खाली मान घालून घरी गेली. पुढच्या वर्षी मान कोंडाबाईला मिळाला. तिचाही सूर तुटला. ही तंबाखू खाऊन आली असणार, असं केरबाला वाटलं. त्याच्या पुढच्या वर्षी तालुक्याहून शिकलेला गवई आणला, त्याचीही तीच गत झाली. आता केरबाला गावावर कोणी करणी केल्याचा वास येऊ लागला. एवढ्या सगळ्यांवर त्याने संशय घेतला, फक्त पेटीवर नाही आणि स्वतःवर तर मुळीच नाही.

चौथ्या वर्षी जत्रेच्या आदल्या सकाळी तो रिकाम्या मांडवात माईक तपासत होता. पलीकडच्या शेतात त्याचा भाऊ दिसला. केरबाने माईकवरूनच हाक मारली, "म्हादूऽऽऽ!" हाक अर्ध्यातच मेली. त्याने आणखी जोरात ओरडून पाहिलं. तीही मेली.

आपला गळा शाबूत आहे, याबद्दल केरबाला शंका नव्हती. त्याने बटण मागे घेतलं आणि पुन्हा हाक मारली. हाक थेट शेतापलीकडे गेली. शेवटी बारीकशी शिट्टी वाजली, पण देवळापाशी बसलेल्या माणसांनी मान वळवूनही पाहिलं नाही. केरबाला स्वतःची लाज वाटली.

तो धावतच हरणाक्काच्या घरी गेला. ती सोप्यात जोंधळे पाखडत होती.

"आक्का, चूक माझी," तो म्हणाला. "तुमचा दम सरला नव्हता. पेटीनं सूर कापला आणि मी आळ तुमच्यावर घातला. उद्याचं पद तुमीच म्हणायचं."

हरणाक्काने सूप बाजूला ठेवलं. पदर सारखा केला आणि 'आई' म्हणून सूर लावला. तिथे माईक नव्हता, ढोल नव्हते. सूर वर चढला आणि नेमका त्याच जागी तुटला. तिने पुन्हा लावला. पुन्हा तिथेच.

"तीन वर्सं झाली, केरबा," ती म्हणाली. "तिथवर आलं की आता माझा मलाच भरवसा वाटत न्हाई."

तात्पर्य: आपली अब्रू वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या गुणावर संशय घेऊ नये. घेणारा तो एक दिवस सोडून देतो, पण ज्याच्यावर घेतला त्याच्या मनातून तो निघत नाही.