खोटा ठरलेला संगणक

संगणक नुकते बोलू लागले होते, तेव्हाची गोष्ट. माळावरच्या वनचौकीतल्या संगणकाने माळढोक पक्ष्यांच्या पुढच्या पिढ्यांचं गणित मांडलं आणि तो वनरक्षकाला म्हणाला, “विणीच्या दिवसांत गवत असंच कापत राहिलात, तर एकही माळढोक उरणार नाही.”

“शुभ बोल रे नाऱ्या!” खिडकीबाहेरची माळढोकीण कडाडली. वनरक्षकाने मात्र तेव्हापासून कापणी पुढे ढकलली.

काही वर्षांत माळ पिल्लांनी भरला. टिटवी संगणकाला चिडवू लागली, “खोटारड्या, कुठे संपले माळढोक?”

माळढोकिणीला राहवेना. नातवाला घेऊन ती खिडकीशी आली. “बाळा, तुझं बोलणं खोटं ठरलं म्हणून हा जन्मला. तुला वाईट नाही ना वाटत?”

“आजी, खोटं ठरावं म्हणूनच तर बोललो होतो.”

माळढोकिणीने मान लववली. “मग बाबा, असंच अशुभ बोलत राहा.”