खेकड्याच्या बिळातलं पाणी

एका डोंगराच्या पायथ्याशी, सगळ्यात खालच्या भातखाचरात एक बेडकी राहत असे. तिची पिल्लं पाय फुटताच उड्या मारत ओढ्याकडे निघून गेली होती. जिव्हाळ्याची उरली होती ती एक मुनिया. चिमणीहून लहान, पण बोलायला लागली की थांबायची नाही. भात पिकलं की ती थव्याबरोबर यायची आणि लोंबीवर झोके घेत बेडकीला दूरदूरच्या गोष्टी सांगायची. गेल्या वर्षी मात्र दाणे पोचट निघाले. "रागावू नकोस गं," जाताना मुनिया म्हणाली, "पुढच्या वर्षी दाणा भरला तर येईन. नाही भरला, तर थवा इकडे वळायचाच नाही."

तेव्हापासून बेडकीचे डोळे आभाळाला आणि हात पाण्याला लागलेले. भाताला पाणी लागतं, मग जितकं जास्त तितकं बरं, नाही का? वरच्या तळ्यातून येणाऱ्या पाटाचं तोंड तिने यंदाही सताड उघडं ठेवलं. बांधाच्या आतल्या अंगाला एका म्हाताऱ्या खेकड्याचं बीळ होतं, सरळ खाली उतरणारं. त्यातून पाणी जिरेल या धास्तीने ती त्यात चिखलाचा गोळा कोंबायची. खेकडा रोज तो ढकलून बाहेर यायचा, बेडकी रोज नवा बसवायची. (हसू नका, मुलांनो. "डब्यात एक पोळी जास्तच असू दे" म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरी असेलच.)

एका सकाळी पाट थांबला. बेडकी धावत गेली, तर पाटाच्या तोंडात चिखलाचा गोळा, आणि त्याला नांगी टेकून खेकडा बसलेला.

"खेकडेमामा! हे काय केलंत?"

"तुझाच गोळा आहे, बाई. मी फक्त जागा बदलली."

"भात वाळेल! मुनिया यायची नाही!"

"आधी त्या चिखलाकडे बघ. सारखा पाण्याखाली गुदमरलाय. बुडबुडे दिसतात ना? त्यातून जो वायू वर जातो, तो साऱ्या दुनियेची हवा थोडी थोडी तापवतो. एका खाचराने काय होतंय, म्हणशील. पण अशी खाचरं किती आहेत ते तुझ्या मुनियेला विचार, ती वरून बघते."

"ती आली तर विचारीन ना!" बेडकी म्हणाली.

खेकड्याचा आवाज जरा मऊ झाला. "वरचं तळं पाहिलंस? अर्ध्यावर आलंय. गेल्या वर्षी ते ऐन फुलोऱ्यात आटलं, म्हणून दाणे पोचट राहिले. तेव्हा हा पाट कुणी उघडा ठेवला होता?"

पाट तिनेच उघडा ठेवला होता.

"मग पाणी द्यायचं तरी कधी?" तिने हळूच विचारलं.

"तू रोज बुजवतेस ना, त्या बिळात डोकावून बघ. वर कोरडं दिसलं तरी खाली पाणी असतं, मुळं तिथवर पोचतात. पाणी आठ बोटं खाली गेलं की पाटातला गोळा काढ. खाचर भरलं की परत बसव."

चिखलाला केसाएवढ्या भेगा पडल्या, तशी बेडकीची झोप उडाली. दिवसातून दहादा ती बिळात डोकावे. चार बोटं. सहा बोटं. "मामा, सात म्हणजे आठच की!" "सात म्हणजे सात." आठ झाली तेव्हा तिने गोळा काढला. असं तीनदा झालं. बुडबुडे कमी झाले, चिखलाचा कुजका वास गेला. मग फुलोरा आला आणि खेकडा म्हणाला, "आता हात आखडू नकोस." तळ्यात पाणी शिल्लक होतं. ते फुलोरा सरेपर्यंत खाचरात उभं राहिलं.

लोंब्या भरून वाकल्या. आभाळ मात्र रिकामंच होतं. एक दिवस गेला, पाच गेले. बेडकी बांधावर बसून राही. सहाव्या दिवशी सकाळी एक लोंबी जराशी जास्तच वाकली, आणि वरून ओळखीची बडबड सुरू झाली.

"माझी वाट बघत होतीस?" मुनियेने मध्येच विचारलं.

"छे गं," बेडकी म्हणाली, "मी आपली बिळात डोकावत होते."

बिळातून खेकडा उगाचच खोकला.

तात्पर्य : ज्याच्यावर जीव आहे त्याला भरभरून द्यावं, पण श्वासापुरती जागा सोडून, आणि खऱ्या गरजेच्या वेळेसाठी थोडं राखून. (सांगायला सोपं आहे. मी अजून सहाव्या बोटावरच घाबरते.)