बारावा पत्रा

"मग मी करायचं तरी काय, बुवा?"

शेषराव मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. केवलगिरी बुवा मठाच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मठामागच्या रानात अकरा घरं भाजी पिकवत. तुकडे ज्याचे त्याचे, छपरी मात्र सगळ्यांची एकच. खुरपी, पाट्या, वर्षाचं बी, सारं तिथंच. आणि ती मेली गळत होती. मागच्या अवकाळीत निम्मं बी कुजलं. आज पुन्हा पश्चिमेला ढग धरले होते. यंदाही बी भिजलं तर चार घरं तुकडा सोडणार होती, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

मास्तरांना रात्र रात्र झोप नव्हती. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते ओसाड रान त्यांनीच हिरवं केलं होतं.

"वर्गणी मागून चपला झिजल्या," मास्तर म्हणाले. "जो तो म्हणतो, माझा पत्रा मी बदललाय, मी कशाला देऊ?"

"माझा पत्रा?"

"नियमच आहे ना तसा. भिंतीला अकरा खुंट्या, वर अकरा पत्रे, पत्र्यांवर रंगानं नावं. ज्याची खुंटी त्याचा पत्रा. ज्यानं त्यानं आपला राखायचा."

"नियम कोणाचा?"

"माझा."

एवढ्या काळजीतही मास्तरांची छाती थोडी फुगलीच. आता काय म्हणावं या माणसाला. घर बुडालं तरी चालेल, पण आखलेली रेघ सरळ हवी.

"पत्रे धड आहेत?" बुवांनी विचारलं.

"एकालाही भोक नाही. मी स्वतः पाहिलेत."

"मग गळतं कुठून?"



बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, आतून पाना आणला आणि छपरीकडे चालू लागले. शिडी लावली. पंच्याहत्तरीचा माणूस सरसर वर चढला आणि पहिल्याच पत्र्याचा बोल्ट सैल करायला लागला.

"बुवा, ढग आलेत. अहो, आज छप्पर उतरवता?"

"पत्रा धरा, मास्तर."

मास्तरांनी धरला. करतात काय? दोन उतरले, चार उतरले, तोवर रानभर बोंब झाली. बुवा वर चढलेत म्हटल्यावर हातातली कामं टाकून उरलेली दहाही घरं धावत आली. वर्गणीच्या बैठकीला यातलं एक माणूस फिरकलं नव्हतं.

"माझा पत्रा कोणी काढला?" कोंडाबाई कमरेला हात लावून उभी. रानात तिच्या तोंडाला कोणी लागत नसे.

"ढिगात आहे," बुवा वरून म्हणाले. "घे शोधून."

कोंडाबाईनं ढिगाकडे पाहिलं, मग ढगांकडे पाहिलं आणि पदर खोचला.

हनीफ शहरात छपरं घालायचं काम करून आला होता. तो म्हणाला, "आता घालायचेच तर नीट घालू. कडेला कड भिडवून पत्रे बसवतात का कुठं? एकाची कड दुसऱ्यावर चढवावी लागते. पाणी त्या फटींतून येतंय."

मास्तर चिडले. "अरे, मग दोन वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. कोंडामावशी म्हणाली, माझ्या पत्र्यावर तुझा पत्रा चढू देणार नाही."

"बरोबरच आहे," कोंडाबाई म्हणाली. "माझा वीतभर पत्रा तुझ्याखाली फुकट जाणार होता."

लोक हसले. तीही हसली. मास्तरांना मात्र हसू आलं नाही. फटी कोणाच्याच नावावर नव्हत्या, हे त्यांच्या नियमात बसलंच नव्हतं.

कडेवर कड चढवत पत्रे बसले. हाती लागेल तो उचलायचा, नाव कोण बघतो? पण कडा चढवल्या तशी लांबी आखडली आणि शेवटी एका पत्र्याची जागा उघडी राहिली. खाली खुंटी मास्तरांची.

बारावा पत्रा हवा होता. मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना पुढची उत्तरं पाठ होती.

"आज बाजार आहे ना?" कोंडाबाई म्हणाली. "एकेक पाटी भाजी काढा. हनीफ विकून येईल आणि येताना पत्रा आणेल. बघता काय माझ्या तोंडाकडे?"

अकरा पाट्या भरल्या. दुपार कलायच्या आत पत्रा टेम्पोतून आला आणि वर चढलासुद्धा.

तिन्हीसांजेला वारा सुटला, आभाळ फुटलं. पत्र्यांवर असा ताशा वाजू लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सगळे छपरीत उभे. मास्तर एकेक सांधा निरखत या टोकापासून त्या टोकाला गेले. खाली हात धरून पाहिला. थेंब नाही. परत आले, पुन्हा पाहिलं. कुठंच थेंब नाही.

त्यांचा जीव भांड्यात पडला. बियांच्या पोत्यावर ते मटकन बसले आणि लहान पोरासारखे हसत सुटले. दोन महिन्यांत ते असे हसले नव्हते.

पाऊस ओसरला तसे लोक घरी गेले. मास्तर वर बघत बसले. कोंडाबाईचं नाव हनीफच्या खुंटीवर गेलं होतं, हनीफचं भलतीकडेच. बारावा तर कोराच होता.

"बुवा, नावं सगळी उलटीपालटी झाली. उद्या नीट घालतो. कोणाचं कुठं घालू?"

बुवा पाना पुसत होते...

"जो पत्रा गळेल, त्याच्यावर घाला."