बॉनेटवरची मांजरी

ट्रॅक्टर आपसात बोलत आणि मांजरांना ते कळे, त्या काळची गोष्ट. जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारात दोन ट्रॅक्टर उरले होते. निळ्याला ताजा रंग दिला होता, लाल्याचा रंग पार उडाला होता. आज जो खपणार नाही, तो भंगारात जाणार होता.

गारठ्याची सकाळ होती. विक्रेत्याने चार माणसं लावून निळ्याला उतारावरून ढकललं, तेव्हा कुठे तो चालू झाला. तासभर चालवून त्याला पुन्हा जागेवर आणलं.

"हे कशाला?" बाजारातल्या मांजरीने विचारलं.

"आता गिऱ्हाइकासमोर मी एका चावीत चालू होणार," निळा ऐटीत म्हणाला. "लाल्या मात्र खोकत बसेल."

मांजरीने दोघांना हुंगलं आणि ती निळ्याच्या बॉनेटवर मुटकुळं करून झोपली.

थोड्या वेळाने शेतकरीण गोदाक्का आल्या. त्यांनी दोघांचे टायर पाहिले, क्लच दाबले. मग त्यांची नजर मांजरीवर गेली.

"एवढ्या थंडीत ही पत्र्यावर कशी झोपली?" त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "अहो, हा तर गरम आहे! माझ्याआधीच चालवलात होय?"

विक्रेता डोकं खाजवू लागला.

लाल्या हाताला गार लागला. गोदाक्कांनी चावी फिरवली. तो दोनदा खोकला आणि तिसऱ्यांदा धडधडू लागला.

"हा कसा आहे ते कळलं तरी," त्या म्हणाल्या. "हाच द्या."

लाल्या फाटकाबाहेर गेला. "माझा घात केलास!" निळा मांजरीवर ओरडला.

"मी कुठे काय बोलले? मला ऊब हवी होती," मांजरी म्हणाली. निळा गार पडू लागला, तशी ती उठून निघून गेली.